राइड कॅटलॉगमधून नाही, पार्कच्या स्वभावातून निवडा

मनोरंजन पार्कात नवीन राइडची घोषणा झाली की प्रश्न ठरलेले असतात: उंची किती, वेग किती, किती वेळा उलटी होते? दुर्दैवाने पार्क चालवणारेही बरेचदा इथूनच सुरुवात करतात. आधी कॅटलॉग उघडायचा, बजेटात बसेल ते मॉडेल ठरवायचं आणि मग डिझाइनवाल्यांना सांगायचं की आता याला एखादी गोष्ट चिकटवा. हा क्रम उलटा आहे. माझं स्पष्ट मत आहे की थीम रंगात किंवा पुतळ्यांत नसते, ती राइडच्या चालीत असते.

त्याची कसोटी सोपी आहे. पाटी, रंग, संगीत, सजावट सगळं मनातल्या मनात काढून टाका. नुसत्या हालचालीतून तीच गोष्ट कळते का?

नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग हे १९५२ पासूनचं परीकथांचं पार्क. तिथे २०१५ मध्ये 'बॅरन १८९८' सुरू झाली. ही डाइव्ह कोस्टर आहे, म्हणजे माथ्यावर क्षणभर अडून सरळ खाली कोसळणारी रोलर कोस्टर. गोष्ट सोन्याच्या खाणीची. त्यामुळे चढ हा खाणीचा मनोरा होतो, ते अडून राहणं म्हणजे विहिरीच्या तोंडाशी लटकणं, आणि ३७.५ मीटरची उडी म्हणजे खाणीत उतरणं. मनोरा साधारण ३० मीटरचा, बाकीची उडी जमिनीच्या पोटात. इथे सजावट सगळी काढली तरी खाण उरते.

इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये झाडांच्या शेंड्यांच्या वर बांधकाम नेता येत नाही. म्हणून १९९४ ची 'नेमेसिस' खडक फोडून खंदकात बसवली. गाडी ट्रॅकखाली लटकते, पाय मोकळे असतात, आणि खडक पायांजवळून सरकत जातो. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपासच, पण जाणवतो त्याहून कितीतरी जास्त. बंधनातून त्या जागेचा स्वभाव घडला, याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अर्थात खंदकाचा स्वतःचा खर्च असतो. पावसाचं आणि झिरपणारं पाणी सगळ्यात खालच्या टोकाला जमतं, त्यामुळे तिथे पंप लागतो, आणि तो बंद पडला तर दुसरा तयार हवा. गाडी तळाशी अडकली तर लोकांना वर आणायला जिनाही पहिल्या नकाशातच असायला हवा.

उंच राइड घ्यायचीच असेल तर आधी फुग्याची चाचणी करा. वारा पडलेला असताना पहाटे, नेमक्या जागी, राइडच्या उंचीएवढ्या दोरीवर मोठा फुगा सोडायचा. दोरीवर दर ५ मीटरला खूण. मग मुख्य रस्ता, तळ्याचा काठ आणि सगळ्यात शांत कोपरा इथून फोटो काढायचे. जुन्या वाड्याच्या छपरावर फुगा दिसला तर तिथे पोलादाचा सांगाडा दिसणार, आणि तो कोणत्याही रंगाने लपत नाही.

स्वभाव म्हणजे पार्कात कोण येतं, हेही. कुटुंबांच्या पार्कात बसणाऱ्याची उंची किमान १४० सेंटिमीटर हवी अशी अट असलेली आणखी एक राइड आणली की घरातली निम्मी माणसं बाहेर बाकावर. सगळ्या राइड्स किमान उंचीनुसार एका कागदावर मांडा: ९०, १००, १२०, १४०. शेजारी लिहा, पावसात चालते की नाही. रिकामा रकाना लगेच दिसतो, आणि बहुतेक वेळा तो १०० ते १२० च्या मधला असतो. नवी राइड तिथे हवी.

आता क्षमता. इथे चांगल्या चांगल्या कल्पना मार खातात. २४ जणांची गाडी दर ६० सेकंदांनी सुटली तर तासाला १,४४० माणसं. पिशव्या ठेवणं, पट्टे तपासणं यात ३० सेकंद जास्त गेले की ९६०. कॅटलॉगमध्ये पहिला आकडा असतो, रांगेत उभ्या माणसाला दुसरा भोगावा लागतो. त्यात गोष्ट सांगायला आधी एक खोली ठेवली, ४८ जणांची आणि माणसं आत येऊन बाहेर पडेपर्यंत ३ मिनिटं घेणारी, तर तीही तासाला ९६० च माणसं पुढे सोडते. मग गाडी कितीही झपाट्याने सुटो, कथाच तिचा गळा आवळते. अशा दोन खोल्या आलटून पालटून चालवा किंवा गोष्ट रांगेत चालता चालता सांगा. कथा कापू नका, तिला जागा द्या.

आवाजाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ट्रॅकचा पोकळ पोलादी कणा ढोलासारखा घुमतो. शांत बागेच्या कडेला कोस्टर असेल तर त्यात वाळू भरतात आणि घरघर बरीच कमी होते. पण वाळूला वजन आहे. खांब आणि पाया ठरवतानाच ते हिशेबात धरावं लागतं.

आणि खोटा खडक. दिसायला सुंदर, पण खांबाचा पाय त्यात गाडला की पाणी साचतं, बोल्ट गंजतात, आणि तपासणीच्या वेळी तोच खडक फोडावा लागतो. प्रत्येक पायाभोवती पाना फिरवता येईल एवढी मोकळी जागा आणि उघडता येणारी झडप ठेवा. उंच माणसाने हात पसरले तर कुठवर पोचतील, त्या मापाची चौकट गाडीवर बसवून ती ट्रॅकवरून हळूहळू ओढत न्यायची असते. चौकट कुठेही घासली तर तिथला खडक तासायचा, मग त्यावर शिल्पकाराने कितीही दिवस घालवलेले असोत. म्हणून दुरुस्ती विभागाची माणसं पहिल्या बैठकीलाच हवीत, मातीचा नमुना मऊ असतानाच.