नसबंदीच्या ‘त्या’ मेसेजबद्दल खुलासा

‘नसबंदी केली की पुरुषाची ताकद जाते, जड काम होत नाही’ हा मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. मी नर्स आहे, ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली आहे. बिनटाक्याची असते, शुक्राणू नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद करतात. पुरुषी हार्मोन थेट रक्तात जातं, त्याला धक्का लागत नाही. थोडे दिवस विश्रांती, मग पोती खुशाल उचला. मात्र परिणाम लगेच होत नाही: तीन महिने निरोध वापरायचा, नंतर वीर्यतपासणी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३! अशा अफवांचाही त्यात हात आहेच. जोडप्याने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.