स्क्रीनवरचा ८० नेमका कुणाचा?

आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवाच्या ग्रुपवर एक मेसेज महिन्याभरात तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो माझ्या साडूंनी टाकला, खाली ‘सर्वांनी जपून ठेवा’ अशी पुस्ती जोडून. मथितार्थ असा: नव्या गाड्यांमधला कॅमेरा वेगमर्यादेचे फलक वाचतो आणि उपग्रहावरून खात्री करून घेतो, म्हणून स्क्रीनवर लाल गोलात दिसणारा आकडा चुकत नाही. गाडी वाजली नाही म्हणजे आपण मर्यादेत. तरी चलान आलंच तर स्क्रीनचा फोटो जोडायचा, चलान रद्द होतं. युरोपात तर हे सक्तीचं आहे आणि तिथे गाडी आपणहून ब्रेक लावते.

साडूंशी वाद घालणं आमच्या घरात परवडत नाही. पण मी महिन्यातून दोनदा तरी बडोदा-अहमदाबाद करतो, गाडीत हीच सोय आहे, आणि ती जितक्या वेळा बरोबर आली तितक्याच आवडीने तिच्या चुकाही मी पाहिल्या आहेत. म्हणून हे लिहितोय.

कॅमेरा फलक वाचतो, हे खरं. आरशाच्या मागे, काचेला चिकटून तो बसलेला असतो आणि लाल कडेचं वर्तुळ नि आतला आकडा शोधत असतो. पण तो फलक शोधत नाही, फलकासारखं दिसणारं काहीतरी शोधतो. दोन्हींत फरक किती, ते आत्याला विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा कळलं. एक्स्प्रेसवेवर गाडीने १०० दाखवला होता. उजव्या लेनमध्ये एक ट्रक, अर्थातच, कारण आपल्याकडे ट्रकला उजवी लेनच आवडते. त्याच्या फाळक्यावर गोलात ८० रंगवलेला. मी जवळ गेलो आणि स्क्रीनवरचा १०० पुसला जाऊन ८० झाला. टुंग, टुंग. आत्या मागून म्हणाली, “काय रे, पेट्रोल संपलं का?” ट्रक मागे पडला तरी ८० तसाच. पुढचा फलक येईपर्यंत गाडीला मत बदलायचं कारणच नव्हतं. आता तो ८० खोटा होता का? नव्हता. मालवाहू गाड्यांना एक्स्प्रेसवेवर ८०चीच मर्यादा आहे. फक्त तो आकडा ट्रकचा होता, माझा नव्हता.

हीच गोम मोठ्या फलकांची. आपल्या महामार्गांवर एकाच पाटीवर मोटारीचं चित्र नि एक आकडा, खाली ट्रकचं चित्र नि दुसरा आकडा, अशी मांडणी असते. माणसाला ती एका नजरेत कळते. कॅमेऱ्याला आकड्याशेजारचं चित्रही ओळखावं लागतं, आणि शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे सरकते, म्हणजे फलक नीट दिसायला मिळतात दोन-तीन सेकंद. त्यात डावीकडून बस आली किंवा फलकावर नवरात्रीतल्या गरब्याचं बॅनर लटकलेलं असलं की संपलं. बडोद्यात नवरात्र नऊ दिवसांची, बॅनर दिवाळीपर्यंत.

फलक स्वच्छ असला तरी खात्री नाही. २०२० मध्ये मॅकॅफी या कंपनीच्या संशोधकांनी ३५ मैलांच्या फलकावरच्या ३ला काळ्या चिकटपट्टीचा दोन इंचांचा तुकडा लावून मधली रेघ लांबवली. २०१६ सालच्या टेस्ला गाडीने तो ८५ वाचला आणि वेग वाढवायला सुरुवात केली. माणूस हसला असता, पण ३५च समजला असता. नंतरच्या कॅमेऱ्यांना ती पट्टी फसवू शकली नाही, हेही सांगायला हवं. पण आपल्या फलकांवर चिकटपट्टीची गरज नाही. धूळ, गंज आणि नेत्यांच्या वाढदिवसाची पोस्टरं पुरतात.

‘उपग्रहावरून खात्री’ हे तर सपशेल गैरसमजाचं काम. उपग्रहाला वेगमर्यादा माहीत नसते. तो फक्त गाडी कुठे आहे ते ठरवायला मदत करतो. मर्यादेचा आकडा येतो नकाशातून, आणि नकाशा कुणीतरी कधीतरी भरलेला असतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची जागा साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येते. महामार्ग आणि त्याला लागून जाणारा सर्व्हिस रोड यांच्यात काही ठिकाणी तेवढंही अंतर नसतं. आणि पूल? बडोद्यातला गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा साडेतीन किलोमीटरचा अटल ब्रिज घ्या. नकाशाच्या कागदावर पूल आणि खालचा रस्ता एकावर एक बसतात. आपण वर आहोत की खाली, याबद्दल माझ्या गाडीचं मत गेंडा सर्कलला एक असतं नि मध्येच दुसरं होतं.

मर्यादा सुरू झाल्याचा फलक असतो, संपल्याचा बहुतेक वेळा नसतो, हे आणखी एक. शाळेजवळचा कमी आकडा गाडी वाचते आणि मग तोच धरून बसते. कधी वळल्यावर सोडते, कधी बराच वेळ गेल्यावर.

‘गाडी वाजली नाही म्हणजे मर्यादेत’ हे सगळ्यांत धोकादायक वाक्य, कारण ते दोन वेगळ्या यंत्रांची खिचडी करतं. १ जुलै २०१९ पासून भारतात बनणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगाची घंटी सक्तीची आहे. ती ८०च्या वर अधूनमधून वाजते आणि १२०च्या वर अखंड. तिचा रस्त्याशी काहीही संबंध नाही. ती शहरातल्या रेसकोर्स रोडवरही ८०लाच वाजेल आणि एक्स्प्रेसवेवरही ८०लाच. केंद्र सरकारने एप्रिल २०१८च्या अधिसूचनेत मोटारींसाठी शहराच्या हद्दीत जास्तीत जास्त ७० ठरवले, आणि स्थानिक पातळीवर ते आणखी कमी करता येतात. म्हणजे अलकापुरीत कुणी ७५ने गेला (कसा जाईल ते देव जाणे) तर गाडी गप्प राहील आणि माणूस गुन्ह्यात असेल.

चलानाचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२मध्ये मर्यादा पाळण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर टाकली आहे, गाडीच्या स्क्रीनवर नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८३खाली हलक्या वाहनाला १ ते २ हजार रुपये दंड आहे. स्क्रीनचा फोटो दाखवून फार तर एवढंच सिद्ध होतं की गाडी चालवताना तुम्ही फोन हातात घेतला होता, आणि त्याचा दंड वेगळा. चलान खरोखर चुकीचं वाटत असेल तर मागण्यासारख्या गोष्टी दुसऱ्या आहेत. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला, त्यानुसार वेग मोजणाऱ्या यंत्राला मंजुरीचा दाखला लागतो, तो दरवर्षी नवा करावा लागतो, आणि पुढे कॅमेरा आहे याची सूचना देणारा फलक आधी लावावा लागतो. दाखल्याची तारीख विचारा. तिथल्या मर्यादेच्या फलकाचा फोटो काढा, उतरून.

युरोपाबद्दल थोडक्यात. जुलै २०२४पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची आहे, हे बरोबर. ब्रेकचं मात्र तसं नाही. ती आवाजाने, कंपनाने किंवा अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल पायाखाली जरा जड करून सांगते. जोर दिला की पुढे जाता येतं, बंदही करता येते, फक्त गाडी पुन्हा सुरू केली की ती परत चालू होते. आणि अचूकतेची अट काय? प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीत एकूण अंतराच्या ९० टक्के भागात आकडा बरोबर हवा. बडोदा-अहमदाबाद साधारण ११० किलोमीटर धरलं, तर ११ किलोमीटर चुकीचा आकडा दाखवूनही गाडी पास. तेही तिथल्या एकसारख्या, धुतल्यासारख्या फलकांवर.

हे सगळं मी ग्रुपवर न टाकता साडूंना फोनवरच सांगितलं. ते म्हणाले, “मग बंदच करून टाकू का?” मी म्हटलं, मुळीच नको. रात्री मोकळ्या रस्त्यावर एकटा उभा असलेला फलक ती माझ्या आधी पाहते, आणि गप्पांच्या नादात पाय जड झाला की तिची टुंग कामाला येते. मी माझी कधीच बंद करत नाही. मग त्यांना विचारलं, गाडीतला नकाशा शेवटचा कधी अपडेट केला? लाइनवर शांतता. गाडी २०२२च्या दसऱ्याची, अटल ब्रिज त्याच वर्षी डिसेंबरात खुला झाला. म्हणजे तीनदा फॉरवर्ड झालेल्या त्या अचूक यंत्राच्या लेखी पूल बांधलेलाच नव्हता.

रविवारी त्यांच्याकडे गेलो. पार्किंगमध्ये गाडीत बसून माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला नि अपडेट लावलं. ४० टक्क्यांवर अडकलं. तेवढ्यात मेहुणीने वरून हाक मारली, शेवउसळ तयार आहे, रस्सा थंड होतोय. साडू म्हणाले, “राहू दे चालू, इंजिन बंद करू नका,” आणि जिन्याकडे निघाले.