आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी कॅन्सर होतो म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराची, इंजेक्शनं घेतली की दहा वर्षांत कॅन्सर होतो, अंडी संपून पाळी लवकर जाते, बाळ जन्मभर आजारी राहतं, मोठेपणी त्याला मूल होत नाही आणि अशा आई-मुलात मायाच नसते. असा मेसेज आमच्या नातलगांच्या ग्रुपवर एका काकूंनी काळजीपोटी टाकला. माझ्या भावजयीचे उपचार सध्या चालू आहेत. इंजेक्शनची ठरलेली वेळ टळत चालली होती, सिरिंज भरून ठेवलेली, आणि ती मला फोनवर विचारत होती, "ताई, घेऊ की नको?" म्हणून हे लिहितेय, आणि रागानेच लिहितेय.

आधी कॅन्सरचं. नेदरलँड्समध्ये वंध्यत्वावर उपचार घेतलेल्या 25,108 स्त्रियांचा अभ्यास 2016 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या 19,158 जणींनी 1983 ते 1995 या काळात आयव्हीएफ सुरू केलं होतं, बाकीच्यांनी दुसरे उपचार घेतले होते. साधारण 21 वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर झालेल्यांचं प्रमाण आयव्हीएफ गटात 3 टक्के, दुसऱ्या गटात 2.9 टक्के. मेसेजवाल्याची दहा वर्षं दोनदा उलटली तरी फरक पडलेला नाही. शिवाय इथे तुलना सारख्याशी सारख्याची आहे. मूल न होण्यामागे जो आजार असतो, त्याचाही स्वतःचा धोका असतो. तो उपचाराच्या माथी मारला की हवा तो निष्कर्ष निघतो. ब्रिटनमधल्या असे उपचार घेतलेल्या अडीच लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींत, 2018 साली, अंडाशयाचा कॅन्सर इतर स्त्रियांपेक्षा थोडा जास्त दिसला, हे खरं. पण ती वाढ एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) असलेल्या किंवा मूल न झालेल्या, कमी मुलं झालेल्या स्त्रियांपुरती होती. दोष फक्त नवऱ्याच्या बाजूने होता किंवा कारणच सापडलं नव्हतं, अशा स्त्रियांत ती दिसली नाही.

अंडी संपण्याची गोष्ट तर शरीर कसं चालतं हे माहीत नसल्याची खूण आहे. दर महिन्याला अनेक अंडी वाढायला लागतात, बहुधा एकच पिकतं आणि बाकीची आपोआप मरून जातात. इंजेक्शनं त्या मरणाऱ्यांना वाढवतात. पुढच्या वर्षांच्या साठ्याला हात लागत नाही.

बाळाच्या तब्येतीबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागतं. आयव्हीएफची बाळं वेळेआधी आणि कमी वजनाची जन्मण्याचं प्रमाण जास्त आहे. त्याचं मोठं कारण जुळी-तिळी, आणि एका वेळी एकच गर्भ सोडला की ते बरंच टळतं. जुळी नसलेल्या, एकेकट्या जन्मलेल्या बाळांतही थोडा फरक उरतो. पण नॉर्वेत एकाच आईच्या दोन मुलांची, एक उपचाराने झालेलं आणि एक आपसूक, तुलना केली तेव्हा तो फरक जवळपास नाहीसा झाला. यातून 'जन्मभर आजारी' कुठून काढलं?

अशा बाळांना मोठेपणी मूल न होण्याचा मुद्दा लवकर संपतो. पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन 1978 ची. तिची धाकटी बहीण नताली, तीही आयव्हीएफचीच, 1999 मध्ये कुठल्याही उपचाराविना आई झाली. पुढे लुईसही आई झाली. वडिलांच्या वाय गुणसूत्रातच (जे फक्त मुलग्यांना मिळतं) दोष असेल तर तो मुलग्याकडे जातो, एवढं खरं.

आणि माया? केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोलोम्बोक यांनी दात्याचं बीज किंवा सरोगसी, म्हणजे रक्ताचं नातं अर्धवट किंवा अजिबात नसलेली कुटुंबंसुद्धा, मुलं वीस वर्षांची होईपर्यंत पाहिली. आई-मुलाच्या नात्यात किंवा मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात ती इतर कुटुंबांपेक्षा कमी पडली नाहीत. काकूंनी हे वाक्य पुढे पाठवताना, ते वाचणारी कोण आहे याचा विचार करायला हवा होता.

या इंजेक्शनांचा खरा धोका वेगळाच आहे: अंडाशय गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होणं. पोट टम्म फुगलं, एक-दोन दिवसांत वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना फोन करायचा. भावजयीला मी हेच सांगितलं, आणि तिने इंजेक्शन घेतलं. त्या लांबलचक मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही.