स्पेलिंग तेच, उच्चार निराळा, आणि हसू मात्र मुलांचं

इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचताना मूल चुकलं की अख्खा वर्ग हसतो आणि मॅडम हसू देतात, याचा मला मनापासून राग येतो. आमच्या शेजारच्या सहावीतल्या मुलीने एल-ई-ए-डी हा शब्द 'लीड' असा वाचला. वाक्यात होता शिशाचा पाइप, म्हणजे 'लेड' हवं होतं. त्या दिवसापासून ती वाचायला उभीच राहत नाही. अहो, इथे इंदूरला खजुरी बाजारात पेन्सिलची 'लीड'च मागतात सगळे! (तिच्यात शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं, ते जाऊ द्या.) पोरीने जे ऐकलं तेच वाचलं.

'लीड' म्हणजे नेणं आणि 'लेड' म्हणजे शिसं, हे इंग्रजीतले मुळातच दोन वेगळे शब्द. धातूच्या नावातला स्वर पुढे आखूड झाला, क्रियापदातला लांबच राहिला, स्पेलिंग मात्र एकच होऊन बसलं. १४७६ मध्ये इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हापासून स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. उच्चार बदलायचे थांबले नाहीत.

सगळंच पाठांतराचं नाही. रेकॉर्ड, प्रेझेंट, ऑब्जेक्ट, परमिट अशा शब्दांत नाम असेल तर जोर बहुधा पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. एका तासात शिकवून होतं. शिकवतं कोण? 'टेअर' म्हणजे फाडणं आणि 'टिअर' म्हणजे अश्रू, इथे मात्र नियम नाही, वाक्यच बघावं लागतं.

आणि आपल्या मुलांना हे परकं का वाटावं? 'हे जग मोठं आहे' आणि 'सुखाने जग' यांतले दोन 'ज' म्हणून बघा. अक्षर एक, उच्चार दोन, आणि पुस्तकात कुठे खूणसुद्धा नाही. इथली आपली मुलं देवनागरी शिकतात ती हिंदीतून, त्यामुळे 'माझा'मधला 'झ' हिंदीसारखा वाचतात. ज्या घरात आजी रोज मराठीत बोलते, तिथल्या मुलांना तो न शिकवता येतो. कानावर पडलेलं असतं, एवढंच.

म्हणून शिक्षकांना हात जोडून विनंती आहे: असा शब्द असलेलं वाक्य आधी तुम्ही मोठ्याने वाचा, अर्थ सांगा, मग मुलांना वाचू द्या. आणि हसणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा.