‘रंगाला रंग जोडा, झालं’ म्हणे!

‘जुन्या गाडीत नवा स्टिरिओ, १० मिनिटांत’ असा एक मेसेज फिरतोय. रंगाला रंग जोडा, पिवळी आणि लाल एकत्र करून थेट बॅटरीला द्या, स्पीकरच्या काळ्या पट्टीच्या (म्हणजे मायनस) वायरी गाडीच्या बॉडीला, म्हणजे पत्र्याला लावा, फ्यूज उडाला तर मोठा टाका. भाच्याने तो मला पाठवून ‘रविवारी करू का?’ असं विचारलंय. कर, पण यातलं एकही नको.

आधी स्पीकर, कारण सेट जळतो तो इथेच. थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. काही जुन्या गाड्यांत स्पीकरला एकच वायर जायची आणि दुसरं टोक बॉडीवर असायचं. त्या काळच्या रेडिओला ते चालायचं. आताच्या सेटमधला अँप्लिफायर मात्र स्पीकरची दोन्ही टोकं स्वतः चालवतो. सेट चालू करून मल्टिमीटरचं (व्होल्ट मोजायच्या मीटरचं) काळं टोक बॉडीला आणि लाल टोक स्पीकरच्या मायनस वायरला लावून बघ. शून्य नाही, ६ व्होल्टच्या आसपास दिसेल. ही वायर बॉडीला टेकवली की आउटपुट शॉर्ट. नशीब चांगलं असेल तर सेट प्रोटेक्टमध्ये (स्वतःला वाचवायच्या मोडमध्ये) जाऊन गप्प बसतो, नाहीतर अँप्लिफायरची आयसी (चिप) गेलीच म्हणून समज. उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन नव्या वायरी ओढायच्या, पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट (वायर कापली जाऊ नये म्हणून भोकात बसवायचं कडं) घालायचं आणि स्पीकरचा बॉडीशी असलेला संबंध तोडायचा. सेटच्या वायरींपैकी पांढरी पुढे डावीकडे, करडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे, जांभळी मागे उजवीकडे. स्पीकरवर खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव. स्पीकरचा कोन (मधला हलणारा पडदा) बाहेर सरकला तर सेलचा प्लस जिथे लागला तोच स्पीकरचा प्लस. एक स्पीकर उलटा लागला की बेस गायब होतो आणि शिव्या सेटला बसतात.

आता ‘रंगाला रंग’. हे रंग सेटच्या वायरींचे. जुनी गाडी बनवणाऱ्याने त्याच्या सोयीचे रंग घातलेत. गाडीत आयएसओ १०४८७ (कार रेडिओच्या जोडणीचं प्रमाण) चा सॉकेट असला तर ४ नंबरच्या पिनला कायमचे १२ व्होल्ट, ७ नंबरला किल्लीवरचे, ८ नंबरला अर्थ, म्हणजे बॉडीला जाणारी वायर. तरी फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत ४ आणि ७ ची अदलाबदल असते. म्हणून मीटरच लावायचा. किल्ली काढल्यावरही १२ व्होल्ट दाखवते ती सेटच्या पिवळीला, किल्ली एसीसीवर (इंजिन न लावता रेडिओ चालतो त्या टप्प्यावर) नेल्यावरच दाखवते ती लालला. पार्किंग लाइट लावल्यावरच जिवंत होणारी वायर दिव्यांची. तिला लाल जोडलीस तर गाणी ऐकायला भरदुपारी दिवे लावावे लागतील.

पिवळी-लाल एकत्र केल्यावर सेट वाजतो, खोटं नाही. पण बंद करायला विसरलास आणि त्याने नुसता अर्धा अँपिअर ओढला, तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत झोपते. गाडीत एसीसी नसेल तर लाल वायरवर साधा स्विच घाल.

फ्यूजचा सल्ला कोणाच्या डोक्यातून निघाला, देव जाणे. तो फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. १० अँपिअरचा लाल काढून तिथे ३० चा हिरवा ठोकला, की कार्पेटखालची वायरच फ्यूजचं काम करते, आगीसकट. सेटच्या मागे छापलेला आकडा, तेवढाच फ्यूज. बॅटरीवरून वायर ओढलीस तर बॅटरीपासून वीतभर अंतरात आणखी एक.

अर्थच्या वायरसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने कस. अर्थ कच्चा राहिला तर करंट अँटेनाच्या केबलच्या जाळीतून परततो आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते. जोड पिळून टेप नको. उन्हात टेपचा गोंद वितळतो. क्रिम्प कर (धातूची नळी दाबून वायरी जोड), वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसून बसणारी नळी).

आणि हे सगळं करण्याआधी बॉनेट उघडून बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला गेलंय ते बघ. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस जातं. तसं असेल तर हा सेट डब्यातच राहू दे.