कातकरी वाडीची भाषा आणि रानाची जाण: एका प्रतिक्रियेला उत्तर

रायगडातील कातकऱ्यांची बोली आणि त्यांचे रानाचे ज्ञान यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, परंपरा जपा असे सांगणारे लोक नकळत आदिवासींच्या दारिद्र्याचे कौतुक करतात. मुलांना प्रमाण मराठी आणि इंग्रजी आले तरच ती वीटभट्टीच्या फेऱ्यातून सुटतील. आणि जे जपण्याजोगे आहे ते ध्वनिमुद्रित करून संग्रहालयात ठेवले की पुरे. या म्हणण्यामागे मुलांविषयीची कळकळ आहे हे मला दिसते, तरीही त्यातली कार्यकारणाची मांडणी मला मान्य नाही.

कातकरी गरीब आहेत ते त्यांच्या बोलीमुळे नाहीत. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. इंग्रजी अमदानीत, विशेषतः 1878 च्या वन कायद्यानंतर, राखीव जंगलांवर सरकारी ताबा आला, खैर तोडणे गुन्हा ठरले आणि हातचा धंदा गेला. पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग विटांच्या. आजही कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत. घराखालची जमीन आपली नसल्यामुळे मालकाने कुंपण घातले की पाण्याची वाटही बंद होते. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन सबंध कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. तेवढे महिने मुलाची शाळा बुडते. या मुलाला उद्या उत्तम प्रमाण मराठी आले, तरी उचल फिटणार नाही आणि जमीनही नावावर होणार नाही. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून झाली आहे, आणि त्या असुरक्षिततेच्या मुळाशी जमीन व कर्ज आहे.

आता ज्ञानाविषयी. आपण त्याला ‘आठवणींचा ठेवा’ म्हटले आहे, म्हणून एकच उदाहरण जरा सविस्तर देतो. मृगाच्या सरी पडल्या की पेण, पनवेल, कर्जतच्या बाजारांत कातकरी बायका शेवळे या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळाला आधी फुलोऱ्याचा कोंब येतो आणि पान मागाहून, त्यामुळे पानावरून झाड ओळखण्याची सोयच नसते. गेल्या वर्षी ते कोणत्या उतारावर, कोणत्या झाडाच्या सावलीत होते हे ध्यानात असावे लागते. कोंब खुडून कंद जमिनीतच राहू दिला, तर पुढल्या पावसात तो तिथेच पुन्हा वर येतो. भाजी कच्ची राहिली किंवा साफ करताना आतला पिवळसर भाग काढायचा राहिला, तर घसा भयंकर खाजतो. म्हणून जुडीबरोबर काकडाची आंबट फळे हवीतच. विकणारी बाई ती स्वतःहून सोबत देते आणि नवख्या गिऱ्हाइकाला कशी वापरायची हेही सांगते. पेणच्या घराघरांत कोलंबी घालून जी शेवळाची भाजी आवडीने खाल्ली जाते, ती या जाणकारीवर उभी आहे. टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली यांचीही कथा वेगळी नाही. हे ज्ञान ध्वनिफितीत भरता येईल, पण तो उतार फार्महाऊसच्या कुंपणाआड गेला की त्या फितीवरून कोणाला शेवळे सापडणार? म्हणूनच 2006 च्या वनहक्क कायद्यातील सामूहिक हक्कांचा मी लेखात आग्रह धरला होता. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा समूहाचा हक्कही त्याच कायद्यात मान्य केलेला आहे.

संग्रहालयांना माझा विरोध नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या जुन्या पोथ्या टिकल्या, त्या घरच्यांनीच त्या सांभाळल्या म्हणून. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली याचा मला फार आनंद झाला. मात्र चित्रकथी म्हणजे एकेक चित्र पुढे धरून, वाद्याच्या साथीने गाऊन सांगितलेली कथा. चित्र विकत घेऊन भिंतीवर टांगणारे पुष्कळ भेटतात. रात्रभर बसून कथा ऐकणारा गाव कमी भेटतो. वारलीचेही तेच झाले. लग्नघराच्या भिंतीवर काढायचा चौक कपबशीवर पोहोचला, पण लग्नात त्या चौकापुढे गाणाऱ्या धवलेरीकडून ती गाणी शिकून घेणाऱ्या मुली किती, हे कोणी विचारत नाही.

परंपरेत अंधश्रद्धाही असते, हा आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. विंचूदंशावर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मंत्र घातले गेले आणि माणसे मेली, महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार सिद्ध केला, तेव्हा ते मृत्यू थांबू लागले. भगताच्या मंत्राचा बचाव मी कधीच करणार नाही. पण मंत्र सोडायचा म्हणून बोलीही सोडावी, हे त्यातून निघत नाही.

राहिला शाळेचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत तातडीचा आहे. पहिलीतले कातकरी मूल गप्प बसते, कारण वर्गातली भाषा त्याच्या घरातली नसते. त्या गप्प बसण्याला आपण मंदपणा म्हणतो आणि चौथी-पाचवीपर्यंत ते शाळेतून गळते. मुलांना मराठी आणि इंग्रजी उत्तम यावे हीच माझीही इच्छा आहे, फक्त तिथवर जायची पहिली पायरी त्यांच्या बोलीची असावी. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद 350अ मध्ये 1956 पासून आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी समाजाने 1982 पासून बालवाड्या आपल्या भाषेत चालवल्या, त्यांत आजी-आजोबांना बसवले, आणि म्हणून तिथल्या मुलांचे इंग्रजी काही बुडाले नाही.

हे करणार कोण आणि पैसा कुठून येणार, असे आपण शेवटी विचारले आहे. सुरुवात अंगणवाडीपासून करता येईल. सेविका आणि मदतनीस ही पदे आहेत, मानधनही ठरलेले आहे. परंतु शिक्षणाच्या अटीमुळे वाडीतली बाई त्यांत बसत नाही आणि गावातली सेविका मुलांशी त्यांच्या बोलीत बोलू शकत नाही. कातकरी वाड्यांपुरती मदतनिसाची अट शिथिल करावी आणि तिथे वाडीतलीच बाई नेमावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे करता येते. आपल्या गावच्या ग्रामसभेत असा ठराव मांडणार असाल, तर मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.