युद्ध झालं नाही, पण माणसं गेली ना?

‘पण तेव्हा युद्ध कुठे झालं होतं?’ ऑपरेशन पराक्रमचं नाव काढलं की कुणीतरी हे विचारतंच, आणि डोकं फिरतं. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला, आठवड्याच्या आत फौज पाकिस्तान सीमेकडे हलली, हेच ऑपरेशन पराक्रम, आणि ऑक्टोबर 2002 पर्यंत लाखो जवान तिथे ठाण मांडून होते. सरकारनेच संसदेत दिलेला मृतांचा आकडा 798. कारगिलमध्ये 527 गेले. कारगिलला 26 जुलै आहे, असायलाच हवा. पराक्रमच्या नावाने एक दिवससुद्धा नाही!

ही माणसं गेली कशी? बरीचशी सुरुंग पेरताना आणि नंतर ते काढताना. बुटपॉलिशच्या डबीएवढा प्लॅस्टिकचा सुरुंग, त्यात धातू नावापुरता, त्यामुळे डिटेक्टर धड वाजत नाही. त्यात राजस्थानची वाळू सरकते, आणि नकाशात मांडलेल्या ओळीत सुरुंग सापडतच नाही. बाकीचे वाहनांच्या अपघातात गेले, उन्हाने गेले, हृदयविकाराने गेले.

खरा संताप इथून पुढे. पेन्शनसाठी मृत्यूचे वर्ग पाडणाऱ्या संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्रात ‘ई’ वर्गात सुरुंग पेरताना-काढताना झालेला मृत्यू स्पष्ट लिहिलेला आहे, आणि सरकारने खास अधिसूचित केलेल्या मोहिमाही. त्या वर्गात बसलं तर घरच्यांना लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. नाही बसलं तर स्पेशल, 60 टक्के. सेवेशी संबंधच नाही असं ठरलं तर साधी, 30 टक्के. आणि हा फरक बहुतेक वेळा ठरतो कशावर? युनिटने पहिल्या संदेशात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतला किंवा मोहिमेतला बळी) लिहिलं की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (इतर कारणाने गेलेला), यावर! घाईत कुणीतरी खरडलेला तो शब्द पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या चौकशीत जातो, पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेची अधिकृत नोंद करणाऱ्या आदेशात छापला जातो, आणि वीस वर्षांनी जवानांच्या नोंदी सांभाळणारं रेकॉर्ड ऑफिस तेच पान दाखवून हात वर करतं. गावाकडच्या त्याच्या विधवेला हे शब्द कोणी समजावून सांगितले होते का?

अशा घरांनी आधी तीन कागद मागावेत: कॅज्युअल्टी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कार्यवाही आणि पार्ट टू ऑर्डर. ते त्या-त्या रेकॉर्ड ऑफिसकडे: तोफखान्याचा जवान असेल तर नाशिक रोड, रणगाडा दलाचा अहिल्यानगर, बॉम्बे सॅपर्सचा (लष्करी अभियंत्यांचा) खडकी, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बेळगाव. तोंडी विचारपूस करू नका, दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. कागद आले की पेन्शनसाठी अर्ज करा. त्याला नकार आला तर तो लेखीच घ्या, अपील करा, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. उशीर मात्र महागात पडतो, कारण हक्क सिद्ध झाला तरी थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. चूक खात्याची आणि भुर्दंड विधवेला. हा कुठला न्याय?

जिवंत परतलेल्यांचंही तेच. पदकाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये नसेल तर डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत) येत नाही, आणि ती दुरुस्त करायला म्हाताऱ्या माणसानेच युनिटच्या मागे लागायचं. टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे एरवी आपलं काम करून गरजेला बोलावल्या जाणाऱ्या फौजेच्या जवानाला तर पेन्शन नसेल तर सहसा माजी सैनिक म्हणूनसुद्धा धरत नाहीत, आणि पेन्शनला प्रत्यक्ष बोलावून घेतलेल्या सेवेची एकूण 15 वर्षं भरावी लागतात. सीमेवर बोलावताना ही अट कोणी वाचून दाखवत नाही.

पराक्रममधले ‘फिजिकल’ शिक्क्याचे सगळे मृत्यू रेकॉर्ड ऑफिसांनी स्वतःहून काढून पुन्हा तपासले पाहिजेत. नावं, क्रमांक, तारखा, सगळं त्यांच्याच कपाटात आहे.